मर्यादेचें शिक्षण

गेल्या वर्षीं एका महाविद्यालयांतील पर्यावरणविषयक प्रकल्पवह्या पाहण्याचा प्रसंग आम्हांस आला. वह्या चाळीस होत्या. सर्वांचा विषय एकच : जवळच्या गांवांतील एक विहीर. एक वही सोडली तर सर्व वह्यांत काठापासून पाण्यापर्यंतचें अंतर सहा मीटर वीस सेंटिमीटर असें दिलेलें होतें. भेटीच्या तारखा मात्र निरनिराळ्या होत्या. कोणी सप्टेंबरांत गेला होता, कोणी जानेवारींत, तर कोणी ऐन मे महिन्यांत. दख्खनच्या काळ्या पाषाणांतील विहीर भाद्रपदापासून वैशाखापर्यंत एकाच पातळीवर राहती, तर महाराष्ट्राचा पाणीप्रश्न केव्हांच मिटला असता. उघडच आहे कीं, तो आंकडा कोणा पूर्वसूरीनें कधीं काळीं मोजला होता, आणि मागून आलेल्या मंडळींनीं तो वारशानें घेतला होता. या एकुणचाळीस वह्यांना गुण चांगले पडले होते. चाळिसाव्या वहींत त्या रकान्यांत आंकडा नव्हता. 'दोरी पुरली नाहीं' एवढेच शब्द होते. तिचे गुण कापलेले होते.

ही गोष्ट त्या महाविद्यालयाच्या निंदेसाठीं आम्ही सांगत नाहीं. असल्या वह्या पुष्कळ ठिकाणीं सांपडतील. परंतु येथें घडलें काय, याचा वाचकांनीं क्षणभर विचार करावा. पुढच्या पिढ्यांच्या हिताची काळजी तरुणांच्या मनांत उत्पन्न व्हावी म्हणून एक विषय अभ्यासक्रमांत घातला गेला, आणि त्या विषयानें एकुणचाळीस तरुणांना न पाहिलेल्या विहिरीविषयीं खोटें लिहिण्यास शिकविलें. ज्या एकानें खरें लिहिलें त्यास शिक्षा झाली. हा दोष कोणाचा? आणि त्याच्याहि मागचा प्रश्न असा कीं, सृष्टीच्या उपभोगांतील संयम ही शिकवितां येण्याजोगी गोष्ट आहे काय? असल्यास ती कशानें शिकवावी : जिभेनें, कीं हातानें?

हा विषय महाविद्यालयांत आला तो न्यायालयाच्या आज्ञेनें. १९९१ सालीं एम्. सी. मेहता यांच्या अर्जावर निर्णय देतांना सर्वोच्च न्यायालयानें पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व पायऱ्यांवर सक्तीचा करावा असें सांगितलें. आज्ञेची अंमलबजावणी रेंगाळली, न्यायालयास पुन्हां लक्ष घालावें लागलें, आणि २००३ नंतर विद्यापीठ अनुदान आयोगानें सर्व शाखांच्या पदवी-विद्यार्थ्यांसाठीं सहा महिन्यांचा एक अभ्यासक्रम आंखून दिला. त्यांत आठ घटक होते. सात घटक वर्गांत बसून ऐकावयाचे, व आठवा घटक प्रत्यक्ष बाहेर जाऊन पाहण्याचा. पन्नास व्याख्यानांपैकीं पांच व्याख्यानांइतका वेळ या आठव्या घटकास दिलेला होता. पुढें अभ्यासक्रमांत फेरफार झाले. पण डोळ्यांच्या आणि हातांच्या वांट्याला दहावा हिस्सा, व कानांच्या वांट्याला उरलेले नऊ, ही जी वांटणी तेव्हां झाली, तिची छाया अद्याप गेलेली नाहीं. चाळीस वह्यांची कथा या वांटणींतूनच निघते.

आतां ज्याला आज 'शाश्वत विकास' म्हणतात ती कल्पना मुळांत आहे तरी काय? १९८७ सालीं ब्रुंटलँड आयोगानें तिची जी व्याख्या केली तिचें तात्पर्य असें कीं, आजच्या पिढीनें आपल्या गरजा अशा रीतीनें भागवाव्या कीं पुढच्या पिढ्यांचें आपल्या गरजा भागविण्याचें सामर्थ्य त्यामुळें कमी होऊं नये. परंतु कल्पना याहून पुष्कळ जुनी आहे. सॅक्सनी प्रांतांत हान्स कार्ल फॉन कार्लोव्हिट्झ नांवाचा खाणींचा एक अधिकारी होता. धातु वितळविण्यासाठीं लांकूड व कोळसा लागे. त्यापायीं रानें उजाड होत चाललीं होतीं. १७१३ सालीं त्यानें वनविद्येवर एक ग्रंथ लिहिला, आणि त्यांत, जितकें रान वाढतें तितकेंच तोडावें, म्हणजे तें अखंड पुरेल, असा नियम सांगितला. हा मनुष्य प्राध्यापक नव्हता, तत्त्वज्ञहि नव्हता. भट्टी विझेल ही धास्ती त्याच्या उशाशीं होती, आणि त्या धास्तींतून हा विचार जन्मास आला.

या कल्पनेचीं दोन अंगें आहेत, तीं वेगळीं करून पाहिलीं पाहिजेत. एक अंग जमाखर्चाचें : किती येतें, किती जातें, किती उरतें. हें बुद्धीचें काम आहे आणि तें वर्गांत शिकवितां येतें. दुसरें अंग संयमाचें : हिशेब कळल्यावर, आपल्या हातीं असूनहि, अधिक न घेणें. हें इच्छेचें काम आहे. आमच्या शिक्षणानें पहिल्या अंगाची परीक्षा घेतली आणि दुसरें अंग आपोआप येईल असें गृहीत धरलें. तें आपोआप येत नाहीं, हें सांगावयास नकोच. पाण्याची बचत या विषयावर उत्तम निबंध लिहिणारा मनुष्य घरीं टाकी भरून वाहूं देतो, याचें आश्चर्य आज कोणास वाटतें?

ॲरिस्टॉटलनें फार पूर्वीं असें सांगितलें आहे कीं, मनुष्य घरें बांधून गवंडी होतो, आणि न्यायाचीं कृत्यें करून न्यायी होतो. सद्गुणाचें ज्ञान ऐकल्यानें सद्गुण येत नाहीं. आमच्या देशांत या मताची परंपरा क्षीण नाहीं. रवींद्रनाथांनीं १९२२ सालीं शांतिनिकेतनाशेजारीं सुरुल येथें लेनर्ड एल्महर्स्ट यांच्या साहाय्यानें श्रीनिकेतन उभारलें तें शेती आणि ग्रामसेवा यांच्याशीं विद्येचा संबंध जोडण्यासाठीं. १९३७ सालीं वर्ध्याच्या परिषदेंत गांधीजींनीं हस्तव्यवसाय हेंच शिक्षणाचें केंद्र करण्याची योजना मांडली. साताऱ्यास भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं जें वसतिगृह काढलें, त्यांत निरनिराळ्या जातींचीं मुलें एकत्र राहून, स्वतः रांधून व राबून शिकत. आणि १९४७ सालीं त्यांनीं छत्रपती शिवाजी महाविद्यालय स्थापिलें तेव्हां 'कमवा आणि शिका' हेंच तत्त्व उच्च शिक्षणांत आणलें.

साताऱ्याचें उदाहरण आम्हांस विशेष विचारार्ह वाटतें. तेथील श्रम हें प्रात्यक्षिक नव्हतें. मुलानें काम केलें नाहीं तर त्याचें शिक्षण अडलें असतें. भाजी पिकली नाहीं तर ती ताटांत आली नसती. चूक करणारा आणि चुकीचें फळ भोगणारा हे दोघे एकच होते. हातानें शिकण्याचें खरें सामर्थ्य येथें आहे. वस्तु आपलें ऐकत नाहीं. पुस्तकाचें पान चुकीचें वाचलें तरी पान तक्रार करीत नाहीं; पण खानावळींतील ओल्या कचऱ्याचें खत करण्याचें काम ज्यानें एकदां अंगावर घेतलें त्याला वस्तूचा स्वभाव तत्काळ कळतो. वाळलेला पाला पुरेसा मिसळला नाहीं, ढीग वेळेवर परतला नाहीं, तर आंत हवा खेळत नाहीं आणि दुर्गंधी साऱ्या वसतिगृहास ऐकूं जाते. प्रमाण साधलें तर तोच ढीग पन्नास-साठ अंशांपर्यंत तापतो, कांहीं आठवड्यांनीं निवतो, आणि हातीं काळी, भुसभुशीत, मातीचा वास येणारी वस्तु येते. शिवाय हें काम करणाऱ्याच्या ध्यानांत आणखी एक गोष्ट येते : ढिगांत पडणारें अन्न बहुतांशीं ताटांत टाकलेलें असतें. अन्न टाकूं नये हें त्याला लहानपणापासून ठाऊक होतें. आतां त्याचें वजन त्यानें उचललेलें असतें.

येथपर्यंत हातांचा पक्ष निर्विवाद दिसतो. परंतु या पक्षावर एक आक्षेप आहे, आणि तो इतका बळकट आहे कीं, हस्तशिक्षणाचे पुरस्कर्ते त्याकडे सहसा डोळेझांक करतात. ज्याचे हात जन्मभर मातींत आहेत तो शेतकरी संयमी आहे काय? पर्जन्यछायेच्या प्रदेशांत, जेथें वर्षाला पांचशे मिलिमीटर पाऊस पडण्याची मारामार, तेथें ऊंस लावणारा हात अनुभवी हातच आहे. उंसाला हंगामभर दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतें. रब्बी ज्वारी चारपांचशेंत भागवते. हें त्या शेतकऱ्यास प्राध्यापकापेक्षां अधिक चांगलें कळतें. तरीहि तो विंधनविहीर दोनशें फुटांवरून तीनशेंवर नेतो, आणि तिनशांवरून पांचशांवर. तो मूर्ख नाहीं, दुष्टहि नाहीं. उंसाला भावाची थोडीबहुत शाश्वति आहे, ज्वारीला नाहीं; आणि आपण पाणी उपसलें नाहीं तर शेजारी उपसणार, हें त्याला पक्कें ठाऊक आहे. त्याच्या एकट्याच्या हिशेबानें त्याचें प्रत्येक पाऊल बरोबर पडतें, आणि सर्वांचीं बरोबर पावलें मिळून गांव कोरड्या विहिरीशीं येऊन ठेपतें.

यावरून आम्हांस असें दिसतें कीं, हात शिकवितो तें आपल्यापुरतें. आपलें शेत, आपली विहीर, आपला ढीग एवढ्यांची मर्यादा हाताला कळते. पण जें सामाईक आहे तें हाताला लागत नाहीं. जमिनीखालचें पाणी कोणाच्या बांधावर थांबत नाहीं. आमचा पाषाण वाळूसारखा सच्छिद्र नाहीं. पाणी राहतें तें वरच्या झिजलेल्या थरांत आणि भेगांत. एकाच्या खोल छिद्रानें ती भेग रिकामी केली कीं शेजाऱ्याची विहीर आटते, आणि हें दोघांपैकीं कोणालाहि डोळ्यांनीं दिसत नाहीं. तें दाखविण्यासाठीं मोजावें लागतें. एक विहीर नव्हे, गांवांतील सर्व विहिरी, पावसापूर्वीं आणि पावसानंतर, आणि एक वर्ष नव्हे, अनेक वर्षें. एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडलें, हें गणित शाळकरी मुलासहि येतें. पण गांवावर किती पडलें, किती वाहून गेलें, किती मुरलें, कोणत्या पिकानें किती घेतलें, असा ताळेबंद मांडण्यास विद्याच लागते. म्हणजे ज्या लेखणीला आम्ही मघाशीं दुबळी म्हटलें तिच्यावांचून हातहि आंधळाच आहे.

मग हात आणि लेखणी एकत्र आल्यानें भागेल काय? तेवढ्यानेंहि भागत नाहीं. आणखी एक गोष्ट लागते, आणि ती पुरंदर तालुक्यांत पाहावयास मिळाली. १९७२ च्या दुष्काळानें अस्वस्थ झालेले विलासराव साळुंखे हे पुण्यांतील अभियंते व कारखानदार. त्यांनीं नायगांव येथें देवस्थानची जमीन खंडानें घेऊन माती-पाण्याचे प्रयोग केले, आणि १९७४ पासून त्यांच्या ग्रामगौरव प्रतिष्ठानाच्या द्वारें पाणी पंचायतीची चळवळ उभी राहिली. तिचे नियम थोडे होते. पाणी जमिनीच्या मापानें नव्हे, माणसांच्या संख्येनें वांटावयाचें. माणशीं अर्ध्या एकराला पुरेल एवढें, आणि कुटुंबास अधिकांत अधिक अडीच एकरांपुरतें. भूमिहीनासहि वांटा. ऊंस लावावयाचा नाहीं. जमीन विकली तर तिच्याबरोबर पाण्याचा हक्क विकला जात नाहीं. योजनेच्या खर्चाचा कांहीं भाग सभासदांनीं स्वतः उचलावयाचा. हे नियम पाळणारे लोक तेच होते, त्यांचे हात तेच होते. फरक एवढाच कीं, आतां पाण्याचें माप सर्वांसमोर होतें आणि प्रत्येकाचा वांटा दुसऱ्याच्या डोळ्यांपुढें ठरत होता. पूर्वीं संयम हा एकट्याचा तोटा होता. आतां तो सर्वांचा करार झाला.

आमच्या मूळ प्रश्नाचें उत्तर यांत आहे असें आम्हांस वाटतें. मर्यादेचें शिक्षण तेथेंच होतें जेथें मनुष्य स्वतः काम करतो, स्वतः मोजतो, आणि त्या मापावरून स्वतःचा वांटा कमी करून घेण्यास शेजाऱ्यांसमोर बांधला जातो. या तिहींपैकीं एक जरी नसलें तरी उरतें तें निव्वळ व्याख्यान, निव्वळ मजुरी किंवा निव्वळ आंकडेमोड.

आतां या कसोटीवर आमच्या महाविद्यालयांचें प्रात्यक्षिक लावून पाहूं. शेतकी महाविद्यालयांचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी खेड्यांत राहावयास जातात. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत ग्रामीण भागाच्या तंत्रविषयक प्रश्नांसाठीं १९८५ सालापासून स्वतंत्र केंद्र आहे, व तेथील विद्यार्थीहि गांवांत जाऊन काम करतात. हे प्रयत्न स्तुत्य आहेत. परंतु सर्वसाधारण महाविद्यालयाचें प्रात्यक्षिक म्हणजे एका दिवसाची सहल. विद्यार्थी गांवांत उतरतात, म्हातारीला पाणी कोठून आणतां म्हणून विचारतात, तिचें छायाचित्र घेतात, आणि संध्याकाळीं परत येतात. त्यांचा वांटा कमी होत नाहीं. त्यांच्या चुकीची किंमत त्यांना पडत नाहीं. म्हातारीचा अर्धा दिवस मात्र जातो. तिच्या दारिद्र्याचा धडा करून घेतला, आणि त्या धड्याची प्रत तिला कोणी दिली नाहीं. यास आम्ही शिक्षण म्हणावें कीं दुसऱ्याच्या कष्टांचा आणखी एक उपभोग?

कचऱ्याच्या बाबतींत हा प्रश्न अधिकच बोंचक होतो. आमच्या समाजानें घाण उचलण्याचें काम कांहीं जातींच्या माथीं मारलें आणि वर त्यांना अस्पृश्य ठरविलें. तेथें पदवीच्या विद्यार्थ्यानें हातमोजे घालून एक दिवस कचरा वेंचला आणि गुण मिळविले, तर त्याला श्रमाची प्रतिष्ठा कळली असें म्हणण्यास आमची जीभ रेटत नाहीं. जो हें काम उद्यां सोडूं शकतो त्याला, जी तें सोडूं शकत नाहीं तिच्या कामाचा अर्थ एका दिवसांत कसा कळावा?

परंतु निराश होण्याचें कारण नाहीं, कारण याच क्षेत्रांत एक वेगळें उदाहरण पुण्यांतच घडलेलें आहे. कर्व्यांनीं १९१६ सालीं स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागांतील मंडळी कामानिमित्त कचरा वेंचणाऱ्या बायांमध्यें गेली. शिकवावयास गेलेलीं माणसें त्यांच्याबरोबर फिरूं लागलीं, आणि शिकलीं. उकिरड्यांत मिसळलेला कागद आणि घरांतूनच वेगळा मिळालेला कागद यांत, वेंचणारीच्या कमाईच्या आणि आरोग्याच्या दृष्टीनें, किती अंतर आहे तें त्यांना कळलें. हें कळल्यावर अहवाल लिहून तीं परत गेलीं नाहींत. १९९३ सालीं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली. पुढें तिच्यांतूनच 'स्वच्छ' ही कचरा वेंचणाऱ्यांची सहकारी संस्था निघाली, आणि २००८ सालीं पुणें महानगरपालिकेशीं करार होऊन घरोघरचा कचरा गोळा करण्याचें काम तिच्याकडे आलें. विद्यापीठाच्या एका विभागानें सृष्टीचा प्रश्न आणि न्यायाचा प्रश्न हे दोन नाहींत, हें असें हातानें शिकून घेतलें. त्या शिकण्यास एक दिवस नव्हे, वर्षें लागलीं.

कोणी म्हणेल, प्रत्येक महाविद्यालयाला हें कसें साधावें? विद्यार्थी तीनचार वर्षांचे पाहुणे. परीक्षा, नोकरी यांची चिंता त्यांच्या मागें. ही अडचण खरी आहे. म्हणून आमची सूचना लहान आहे. महाविद्यालयानें गांव शोधीत जाण्याआधीं आपल्या कुंपणाच्या आंत पाहावें. तेथें एक तरी विहीर किंवा विंधनविहीर असते, वसतिगृह असतें, खानावळ असते, विजेचें बिल येतें, कचऱ्याची गाडी येते. विद्यार्थ्यांनीं आपल्याच विहिरीची पातळी दर पंधरवड्यास मोजावी, खानावळींत टाकलेलें अन्न रोज तोलावें, त्याचें खत स्वतः करावें. आणि मुख्य गोष्ट ही कीं, त्या मापांवरून पाणी किती वापरावयाचें, बाग कोणत्या महिन्यांत भिजवावयाची, याचा निर्णय विद्यार्थी, अध्यापक आणि सेवक यांनीं एकत्र बसून करावा व तो सर्वांनीं पाळावा, प्राचार्यांनींहि. ज्या संस्थेच्या हिरवळीवर मे महिन्यांत फवारे उडतात, तिनें संयमावर परीक्षा घेऊं नये. गुण द्यावयाचे तर मापाच्या सचोटीला द्यावेत. सद्गुणाला गुण देण्याच्या भानगडींत पडूं नये, कारण ज्या सद्गुणाला गुण मिळतात त्याची नक्कल व्हावयास वेळ लागत नाहीं.

या मोजमापाची एक नोंदवही असावी आणि ती एका तुकडीनें दुसऱ्या तुकडीच्या स्वाधीन करावी. पुढच्या पिढ्या ही गोष्ट तरुणांना धूसर वाटते, यांत त्यांचा दोष नाहीं. शंभर वर्षांनंतरचा मनुष्य कोणी पाहिला आहे? परंतु महाविद्यालयांत पुढची पिढी दर जूनमध्यें दाराशीं येऊन उभी राहते. तिला नांवें आहेत, चेहरे आहेत, आणि ती त्याच विहिरीचें पाणी पिणार आहे. मागल्यांनीं पातळी किती खालीं ठेवली हें तिला पहिल्याच दिवशीं वहींत दिसेल. जबाबदारी ही कोणाला तरी उत्तर देण्याची असते. येथें उत्तर मागणारा समोर असेल.

मागच्यांकडून वही घेण्याची चाल आमच्या विद्यार्थ्यांत आहेच, हें आम्हीं आरंभीं पाहिलें. त्या एकुणचाळीस जणांनीं वारसा घेतला होता, पण तो खोट्या आंकड्याचा. राहिला तो चाळिसावा. तो खरोखर विहिरीवर गेला होता. त्यानें दोरी सोडली आणि पाणी दोरीच्या खालीं गेल्याचें पाहिलें. त्याच्या कोऱ्या रकान्यांत त्या गांवाविषयीं जी माहिती होती ती इतर सर्व वह्या मिळूनहि नव्हती. परीक्षकानें त्याचे गुण कापण्याऐवजीं त्याला अधिक लांब दोरी देऊन पुन्हां पाठवावयास हवें होतें, आणि शक्य तर स्वतःहि बरोबर जावयास हवें होतें.